कडूबाचा गुरुवार

कडूबा कोणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. देवळात गेला की एक चप्पल या खांबाशी आणि दुसरी त्या खांबाशी काढून ठेवायचा, म्हणजे चोराला जोड सापडू नये. बायकोनं चहा दिला तरी आधी कपात डोकावून बघायचा. ती बिचारी एकदा वैतागून म्हणाली, "इख घालायचं असतं त हळदीच्याच दिवशी घातलं असतं. पेऊन टाका आता." त्यावर यानं काय करावं? अर्धा चहा तिला आधी प्यायला लावला. आता बोला.

असा माणूस बेकरीच्या युनियनचा सेक्रेटरी झाला. कोणी केला म्हणाल तर सगळ्यांनी हात वर करून केला. लिहितावाचता येत होतं, चार माणसांत बोलायला भीत नव्हता, आणि गावभर फिरायचं त्याचं कामच होतं. दुसरा कोण होणार? पण घोडं तिथंच पेंड खायला लागलं.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पाऊस रुसलेला, गहू-साखर कंट्रोलात, आणि घरोघरी लोक रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकी ज्वारीच्या, भाकरी नाक मुरडत गिळत होते. अशा दिवसांत शेगावात स्टेशनाजवळ राजविलास बेकरीत केक बनतो, हे ऐकून बाहेरगावच्या माणसाला हसू यायचं. पण मालक उत्तमराव डोक्यानं तल्लख. अमडापूरकडची शेती भावांवर सोपवून ते इथं आले, मैद्याचा परवाना मिळवला, आणि पाव-टोस्ट काढता काढता त्यांनी एक गोष्ट हेरली. महाराजांच्या दर्शनाला आलेला माणूस परत जाताना घरच्या लेकरांसाठी काहीतरी नेतोच. पेढा महाग, शिवाय प्रवासात वास मारतो. मग त्यांनी बोटभर लांबीचा केक काढला, मेणकागदात बंद, वर लाल अक्षरांत 'बिनअंड्याचा'. गाडी थांबली की खिडक्यांतून हात बाहेर यायचे आणि कडूबाचा पत्र्याचा डबा बघता बघता रिकामा व्हायचा. हा केक विकायचं काम कडूबाचं. गाडीच्या वेळी फलाटावर, आणि बाजाराच्या दिवशी सायकलीला डबा बांधून पार वरवट बकालपर्यंत.

तो केक आत कसा व्हायचा तेही ऐकून ठेवा. भट्टीवर उस्ताद होते गफ्फारभाई, उतारवयाचे, कमी बोलणारे. हाताखाली भट्टीची माणसं. गफ्फारभाई संध्याकाळी मोठ्या लाकडी काठवटीत पावाचं खमीर भिजवायचे, वर ओलं गोणपाट टाकायचे आणि नमाजाला निघून जायचे. रात्रभर ते फुगायचं. पहाटे भट्टी पेटायची, आधी पाव निघायचे आणि मग उतरत्या आचेवर केक लागायचे. पाव नाही तर केक नाही. केक निवले की पलीकडच्या खोलीत बाया पाकिटं बांधायच्या. मेणकागद दुमडायचा आणि त्याची टोकं तापलेल्या लोखंडी पत्र्यावर टेकवायची, की मेण वितळून कागद चिकटायचा. बोट जरा जास्त टेकलं की बसलाच चटका. त्या खोलीतल्या एकाही बाईच्या बोटांना धड कातडी नव्हती. या बायांची मुकादम रुखमाबाई. तिचा आवाज असा, की ती कोणाला हळू बोलून रागावली तरी भट्टीवरची माणसं कामाला लागायची.

जनकाबाई त्याच खोलीतली. वरवट बकालची लेक, नवरा वारल्यावर इथंच एका खोलीत राहून पोट भरणारी. एक दिवस तिचा अख्खा तळवा पत्र्यावर पडला. हात सुजला, पिकला, ती घरी बसली. बरी होऊन आली तर तिच्या जागेवर दुसरी बाई बसलेली.

"माहा हात तुमच्याच कामावर जयला, मालक," एवढंच ती म्हणाली. उत्तमरावांना ते तोंड चालवणं वाटलं. त्यांनी तिला फाटकाबाहेर काढलं.

त्यातून युनियन उभी राहिली. अकोल्याच्या एका गिरणीतला कामगार लग्नाला म्हणून शेगावात आला होता. त्यानं धर्मशाळेच्या ओसरीवर बसून सगळ्यांना चार कायदे समजावून सांगितले आणि आपल्या गावी निघून गेला. मागणी एकच ठरली. जनकाबाईला कामावर परत घ्या.

जनकाबाई त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "प्रकटदिनाच्या उत्सवापर्यंत मी थांबते. तवर झालं त झालं. नाही त मंग जाते वरवटले भावाच्या दारी. भावजय ठेवीन तशी राहीन." ती भावजय कशी ठेवते ते बायांना ठाऊक होतं. मागं एकदा जनकाबाई तिथून उपाशीपोटी चालत शेगावला आली होती. सगळ्यांनी मनात धरलं की बाईला जाऊ द्यायचं नाही.

पहिल्यांदा काम बंद करायचं ठरलं ते बाजाराच्या दिवशी. सकाळी सगळे फाटकावर येऊन बघतात तर अकोल्याच्या पाव-केकच्या टोपल्या आधीच उतरलेल्या. उत्तमराव बाहेर खुर्ची टाकून बसलेले आणि म्हणतात कसे, "या, या. आज सुट्टी घेतली म्हणे तुम्ही लोकायनं." सगळ्यांचे चेहरे उतरले. दुपारपर्यंत एकेक जण मुकाट्यानं आत.

दुसऱ्यांदा त्याहून फजिती. खामगावहून आणलेली माणसं भट्टीपुढं उभी, आणि फाटकावर एक पोलीस तंबाखू मळत बसलेला. पुन्हा माना खाली घालून आत. आणि या वेळी तर संपाचा दिवस आधीपासून फक्त तिघांना ठाऊक होता. कडूबाला, गफ्फारभाईला आणि रुखमाबाईला. बाकीच्यांना पहाटे सांगितलं होतं.

झालं. कडूबाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. फुटलंय कोणीतरी. मालकाच्या कानाला लागलंय. आणि तिघांतून आपल्याला वजा केलं तर उरले दोघं.

तो दोघांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागला. गफ्फारभाईच्या घरून ईदेला मालकाकडं शीरखुर्मा जातो, हे त्याला आठवलं. मालकाच्या बायकोनं रुखमाबाईला पापड लाटायला बोलावून जुनं लुगडं दिलं होतं, तेही आठवलं. इतकी वर्षं या गोष्टी डोळ्यांसमोर घडत होत्या आणि आता त्यांना शिंगं फुटली. एकदा तो गफ्फारभाईच्या मागं मागं मशिदीपर्यंत गेला आणि बाहेर ताटकळत उभा राहिला. गफ्फारभाई नमाज पढून बाहेर आले, याला बघितलं आणि काळजीनं विचारलं, "काऊन भाऊ, काही काम होतं का? आवाज द्यायचा होता ना." कडूबानं त्यातूनही अर्थ काढला. एवढं गोड बोलतो, म्हणजे नक्की काहीतरी आहे. यात धर्माचा भाग नव्हता बरं का. कडूबा संशय घेताना हिंदू-मुसलमान, बाई-बुवा असा भेद करणारा नव्हता.

उत्सव जवळ आला. त्या साली प्रकटदिन गुरुवारीच आलेला, म्हणजे महाराजांचा वार आणि महाराजांचा दिवस एकत्र. यात्रेकरूंची रीघ लागणार, आणि उत्तमराव वर्षाची निम्मी कमाई त्या एका दिवशी करणार. त्या दिवशी भट्टी थंड राहिली असती तर ते जनकाबाईला स्वतः जाऊन घेऊन आले असते. अकोल्याच्या बेकऱ्यांकडंही त्या दिवशी जास्तीचा माल नसतो. कडूबानं मनाशी पक्कं केलं, गुरुवार. आणि तो दिवस त्यानं कोणालाही सांगितला नाही. आधी फितूर धरायचा, मग सांगायचं.

फितूर धरायची युक्तीही त्यानंच काढली, आणि काढल्यावर स्वतःवरच इतका खूश झाला की रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. दोघांना दोन वेगळे दिवस सांगायचे. मालक ज्या दिवसाची तयारी करेल, त्या दिवसाचा माणूस चोर. चोर सापडला की उरलेल्याला सांगायचं, दिवस पुढं ढकलला.

भट्टीमागं लाकडं रचलेली असायची, तिथं त्यानं गफ्फारभाईला गाठलं.

"मंगळवार पक्का," तो हळूच म्हणाला. "तुमच्या भट्टीवाल्यायले सांगा. पण पाकिटवाल्या बायायजवळ शब्द काढू नका. फितूर तठीच आहे."

"बायायमंदी?" गफ्फारभाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "नाही भाऊ. रुखमाबाई तसली नाही."

"मी सांगून राह्यलो ना. मले माहीत आहे."

गफ्फारभाईनं भट्टीसाठी चार लाकडं उपसली. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही सेक्रेटरी. मंगळवार म्हणजे मंगळवार."

रुखमाबाईला त्यानं नळावर गाठलं आणि तेच सांगितलं, फक्त वार बुधवार आणि फितूर भट्टीवर. रुखमाबाईनं घागर खाली ठेवली. "त्या चाचाच्या तोंडातून दिवसभरात चार शब्द निघत नाहीत. तो कोणाले काय सांगीन?"

"गप्प राहणारीच माणसं खतरनाक राह्यतात, मावशी."

"असीन बाप्पा," ती म्हणाली. पण चेहरा काही पटलेला नव्हता. तरी तिनं तोंड बंद ठेवायचं कबूल केलं. जनकाबाईसाठी ती जीभ कापून द्यायलाही तयार झाली असती.

बघा आता. दोन खोल्यांच्या मधली भिंत वीतभर जाडीची, वर्षानुवर्षं तिच्यावरून चेष्टामस्करी इकडून तिकडं जायची. त्या दिवसापासून ती थांबली. भट्टीवाले बायांकडं तिरकं बघायला लागले, बाया भट्टीवाल्यांकडं. कोण कोणाशी बोलतं, कोण कोणाला तंबाखू देतं, यावर सगळ्यांचे डोळे. कडूबाला वाटलं, वा, सगळे सावध झालेत.

सोमवारी संध्याकाळी तो फलाटावर डबा घेऊन उभा होता. अकोल्याकडं जाणारी पॅसेंजर लागली आणि त्याला दिसलं की मालकाचा मुनीम रिकाम्या टोपल्या चढवतोय.

"कुठी निघाले मुनीमजी?" कडूबानं विचारलं.

"मामाच्या गावाले," मुनीम हसत म्हणाला आणि डब्यात घुसला.

कडूबाला चक्क आनंद झाला, खोटं कशाला बोला. रिकाम्या टोपल्या, अकोला, आणि उद्या मंगळवार. मंगळवार फक्त गफ्फारभाईला सांगितला होता. सापडला. खरं म्हणजे त्याच पावली गफ्फारभाईच्या घरी जाऊन 'उद्या बंद नाही' म्हणून सांगायला हवं होतं, म्हणजे पुढचं सगळं टळलं असतं. पण नाही. याला वाटलं, करू दे बंद, उद्या फाटकावर चारचौघांत तोंडावर फेकू. मोठी हौस.

मंगळवारी सकाळी भट्टीवाले फाटकाबाहेर बसले. गफ्फारभाई मधोमध, खांद्यावर धुतलेला पंचा. आत अकोल्याच्या टोपल्या उतरत होत्या, खामगावची माणसं येऊन ठेपली होती. तेवढ्यात बाया आल्या. भट्टीवाले बाहेर बसलेले बघून रुखमाबाई थबकली. आपला दिवस तर उद्याचा. मग हे आज काय? आणि कडूबानंच सांगितलं होतं की फितूर भट्टीवर आहे. हा मालकाचाच काहीतरी डाव असणार, आपल्याला आजच बाहेर काढून उद्याचा दिवस नासवायचा. तिनं मान ताठ केली आणि बायांना घेऊन सरळ आत गेली. अकोल्याचे केक आले होते, ते पाकिटांत बांधायला बसली.

भट्टीवाल्यांतला एक जण थुंकला. "पाह्य चाचा, तुमची रुखमाबाई."

मागून कडूबा आला, सायकलीला डबा बांधून. त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "गफ्फारभाई, आजचा दिवस कोणाकोणाले माहीत होता?"

"मले. मंग सकाळी या पोट्ट्यायले."

"मी फक्त तुम्हालेच सांगतला होता. दुसऱ्या कोणाले वेगळाच सांगतला. मंग मालकानं कालच टोपल्या काऊन धाडल्या?"

गफ्फारभाईंना आधी प्रश्न कळलाच नाही. कळला तेव्हा त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला आणि त्याची घडी घालत राहिले. त्यांच्या हाताखालची माणसं एकदा गफ्फारभाईकडं, एकदा कडूबाकडं बघत होती.

"मंगळवार सांगतला, मी मंगळवारी बाहेर बसलो," ते शेवटी म्हणाले. "मालकाच्या दारात मी गेलो नाही. कोणाचीही कसम द्या, खातो." मग त्यांची नजर सायकलीवरच्या डब्यावर गेली. "पण भाऊ, तुम्ही हा डबा घेऊन कुठी चालले? आज बंद आहे ना?"

कडूबाजवळ याचं उत्तर होतं, पण ते सांगायचं तर गुरुवार सांगावा लागला असता. "माहं मी पाह्यतो," तो म्हणाला आणि डबा भरायला आत गेला. पाठीमागं कोणीतरी शिवी दिली. ती गफ्फारभाईला असावी असं तो धरून चालला.

संध्याकाळी तो मोठ्या रुबाबात रुखमाबाईच्या घरी गेला. "फितूर सापडला, मावशी. आता उद्याचं रद्द. दिवस मी मंग सांगीन."

रुखमाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं वळूनही बघितलं नाही. "जमीला भेटली होती नळावर," ती म्हणाली. जमीला म्हणजे गफ्फारभाईची बायको. "रडून राह्यली होती. तिच्या माणसाले तू मंगळवार सांगतला. मले बुधवार. त्याले सांगतलं फितूर बायायत आहे, मले सांगतलं भट्टीवर आहे. खरं का?"

"ते फितूर धरायसाठी..."

"आन आम्ही बाया त्याच्या समोरून आत गेलो. तो म्हातारा माणूस भुईवर बसेल होता आन आम्ही त्याच्या समोरून आत गेलो." आता ती वळली. "तू आज दिवसभर केक विकले ना रे?"

"हाव, पण त्याच्या मांगं..."

"मंग फितूर कोण झालं? तूच हिशेब कर." तिचा तो आवाज आज अगदी खाली गेलेला होता. कडूबाला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवारी रुखमाबाई बायांना घेऊन बाहेर आली. लाजेनं आली, गफ्फारभाईच्या शेजारी बसायला आली. पण तोवर भट्टीवाल्यांतले निम्मे आपापल्या गावी निघून गेले होते, आणि गफ्फारभाई स्वतः घरातून बाहेर पडले नव्हते. फाटकावर बाया एकट्याच बसल्या. उत्तमरावांनी अर्धा दिवस वाट बघितली आणि फाटकाला आतून कडी लावली. ज्या बाहेर आहेत त्यांनी आता बाहेरच राहायचं. पाकिटं बांधायला गावात बायांची कमी नव्हती, मिलोच्या दिवसांत तर मुळीच नव्हती.

कडूबा तेव्हाही कामावर होता. त्याचा दिवस गुरुवार होता ना.

त्या संध्याकाळी उत्तमरावांनी त्याला आत बोलावलं. समोर बसवलं, चहा मागवला. कडूबानं पहिल्यांदाच कपात न बघता चहा प्यायला, इतका तो गोंधळला होता.

"सगळे गेले, तू एकटा इमानानं आला," उत्तमराव म्हणाले. "काल आन आज, दोन्ही दिवस मी पाह्यलं. उद्यापासून फलाटावरची सगळी विक्री तुह्या हाती. हाताखाली माणसं देतो. त्या युनियनचं सेक्रेटरीपण आता पुरे झालं."

कडूबानं कप खाली ठेवला. मग त्यानं विचारलंच. तो प्रश्न त्याला झोपू देत नव्हता. "मालक, एक सांगा. तुम्हाले दर खेपेले कोण सांगत होतं?"

"कोण सांगीन मले?" उत्तमरावांना खरंच नवल वाटलं. "तुमचे लोकं मेले तरी तोंड उघडत नाहीत. मी आरतीहून येताना रोज काठवट पाह्यतो. ज्या सकाळी भट्टी लागायची नसते, त्या संध्याकाळी गफ्फार खमीर भिजवत नाही. ईद असो का तुमचा संप असो. भिजवलेलं पीठ सडून जाईन हे त्याच्यानं पाह्यवत नाही. काठवट कोरडी दिसली का मी समजतो, उद्या हे बसतीन. मंग मुनीमाले धाडतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "माणूस लाखाचा आहे तो. पण आता ठेवता येणार नाही."

कडूबा तिथून कसा उठला ते त्यालाच कळलं नाही. फितूर नव्हताच. कोणी फुटलंच नव्हतं. एक म्हातारा माणूस दर खेपेला अन्न वाया जाऊ नये म्हणून पीठ भिजवायचं टाळत होता, आणि ते करताना इतका साधा होता की त्याला वाटलंही नाही की हे कोणी बघेल. आणि आपण त्याला चारचौघांत चोर केलं. कडूबाला त्या क्षणी स्वतःची घाण वाटली.

मग तो गफ्फारभाईच्या दारात गेला. दार जमीलानं उघडलं, पण अर्धंच.

"भाभी, चाचाले बोलवा. माह्याकडून लय मोठी चूक झाली."

"ते अमडापूरले गेले, माह्या भावाकडं," जमीला म्हणाली. "तठी हॉटेलात भजे तळायचं काम आहे म्हणते. आता आम्हाले कायले विचारून राह्यले, कडूबाभाऊ? पुन्हा काय पाह्यजे तुम्हाले?" तिनं दार लावून घेतलं. आतून कोणीतरी खोकलं. तो खोकला कडूबाच्या ओळखीचा होता.

गुरुवार उजाडला. पहाटेपासून गाव माणसांनी फुलून गेलं. देवळाकडून टाळ-मृदंग ऐकू येत होता, गाड्या माणसांनी लगडून येत होत्या. नव्या भट्टीवाल्यांनी काढलेला केक जरा करपला होता, पण यात्रेत ते कोण बघतंय. पाकिटांचे ढीग लागले. आणि कडूबा हात हलवत आला, फाटकाबाहेर धुळीत बसला. ठरवल्याप्रमाणं. त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

उत्तमराव बाहेर आले. "काय बे, बरं नाही का? गाडी यायची वेळ झाली."

"आज संप आहे, मालक."

उत्तमरावांनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "कोणाचा?"

कडूबा जागेवरून हलला नाही. उत्तमरावांनी दुसऱ्या कोणाला तरी डबा उचलायला सांगितलं आणि आत गेले.

ऊन चढल्यावर जनकाबाई आली. काखेत बोचकं, हातात एक पितळी तांब्या. एस.टी. स्टँडचा रस्ता बेकरीवरूनच जायचा. कडूबाला बघून ती पुढं निघून जाणार होती, पण हा उठून आडवा आला.

"जनकाबाई, थांबा. एक डाव ऐकून घ्या. फितूर कोणीच नव्हतं. गफ्फारभाई नव्हते, रुखमाबाई नव्हती. मालक काठवट पाह्यत होता. मीही नव्हतो, माह्या लेकराची आण. मी रोज कामावर येत होतो, कारण खरा दिवस आजचा होता. गुरुवार. आज सगळ्यायनं मिळून बसायचं होतं, तुमच्यासाठी. मी मनात धरून ठेवला होता."

जनकाबाईनं सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता. भाजलेल्या हाताची बोटं तिला अजून सरळ करता येत नव्हती, त्या हातानं तिनं बोचकं जरा वर सरकवलं.

"मले काऊन नाही सांगतलं?" तिनं विचारलं. "मी त बाहेरच होती. मी कोणाले सांगणार होती?"

कडूबानं तिच्या भाजलेल्या हाताकडं बघितलं. तिच्यावर संशय घ्यायला काहीएक जागा नव्हती, हे त्याला आत्ता पहिल्यांदा दिसत होतं. तरी त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं.

"आजचं खरं आहे, जनकाबाई," तो म्हणाला. "देवाशप्पथ खरं आहे."

जनकाबाईनं त्याच्याकडं नीट निरखून बघितलं. कपाळापासून पायांपर्यंत. मग शांतपणे विचारलं, "चाचाले मंगळवार, रुखमाबाईले बुधवार. आता हा गुरुवार मले सांगून कोणाले धरायचं आहे, भाऊ?"

उत्तराची वाट न बघता ती गर्दीतून वाट काढत स्टँडकडं निघाली. वरवटची गाडी लागलेली होती. कडूबाला तिच्या मागं धावायचं होतं, पण तिला गाठून आणखी काय सांगितलं म्हणजे ती खरं मानेल, हे त्याला कळेना.